मोनिकाच्या सहा वह्या

निकिताने मोनिकाला पहिल्यांदा पाहिलं ते संगणकाच्या पडद्यावर, तीनशे टक्के मोठं करून.

भिंगारच्या जुन्या बाजारात निकिताचं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान होतं. लष्करातल्या लोकांचे अर्ज, प्रतिज्ञापत्रं, लग्नाच्या पत्रिका, कॉलेजातल्या सरांचे प्रबंध, सगळं तिच्याकडे यायचं. एका दुपारी एक उंच, जरा वाकून चालणारा माणूस फोटो घेऊन आला. बायकोच्या प्रथम पुण्यस्मरणाची पत्रिका छापायची होती. फोटो कुठल्याशा सहलीतला, मागे कुणाचं कोपर, कुणाची पाण्याची बाटली. निकिताने तासभर खपून ते सगळं पुसलं, केसांच्या कडा नीट केल्या आणि सवयीने पुढच्या दोन दातांमधली फटही बुजवून टाकली.

माणूस मागे उभा राहून बघत होता. तो हळूच म्हणाला, "ताई, ती फट राहू द्या. ती तिची आहे."

निकिताने फट परत आणली. त्या दिवशी तिला त्या अनोळखी बाईचा हेवा वाटला, पण तो लांबचा. आपल्या दातांतली फट कुणाला इतकी हवीशी वाटेल, असं मनात आलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या आधार कार्डाची झेरॉक्स काढता काढता ती विसरूनही गेली.

पुढे दीड वर्षाने त्याच माणसाशी तिचं लग्न झालं. प्राध्यापक आदिनाथ वाकचौरे, मूळचे नगर जिल्ह्यातल्याच अकोले तालुक्यातल्या डोंगराकडचे, नगरच्या कॉलेजात इंग्रजी शिकवणारे. मूलबाळ नव्हतं. निकिता पाथर्डीकडची. आईवडील दर वर्षी ऊसतोडीला जायचे, म्हणून ती भिंगारला मावशीकडे वाढली, तिथेच टायपिंग शिकली, आणि दोन भावांची शिक्षणं आणि लग्नं उरकता उरकता तेहेतीस वर्षांची झाली. बोलणी केली ती शरिफा मॅडमनी. त्या आदिनाथच्या कॉलेजात चित्रकला शिकवायच्या आणि मोनिकाची जिवाभावाची मैत्रीण होत्या.

आदिनाथ चांगला नवरा होता. आवाज चढवायचा नाही, जेवणाला नाव ठेवायचा नाही, रविवारी स्वतः मंडईत जायचा. फक्त बोलायचा कमी. निकिताने मनाशी धरलं होतं, स्वभावच असा असेल.

तो स्वभाव नव्हता, हे तिला दोन वर्षांनी कळलं. वह्या घरात आल्यावर.

आषाढातल्या एका संध्याकाळी शरिफा मॅडम कापडी पिशवी घेऊन आल्या. पिशवीत सहा वह्या होत्या, खाकी कागदाची कव्हरं घातलेल्या, प्रत्येकीवर आकडा. मोनिकाही इंग्रजीच शिकवायची. शेवटच्या तीन वर्षांत तिने मराठी वाचकांसाठी एक पुस्तक लिहिलं होतं. पाश्चात्त्य चित्रांमध्ये आणि कवितांमध्ये प्रेम दाखवायला देवादिकांच्या गोष्टी कशा वापरल्या आहेत, गुलाब म्हणजे काय, कबुतर म्हणजे काय, बाण म्हणजे काय, असं सगळं. ती गेल्यावर वह्यांकडे बघणं आदिनाथला झेपेना, म्हणून त्या शरिफा मॅडमकडे राहिल्या. आता नगरमधले एक प्रकाशक तयार झाले होते.

"पाचव्या पुण्यस्मरणाला पुस्तक यावं अशी इच्छा आहे," शरिफा मॅडम म्हणाल्या. "हिचं अक्षर लावणं सोपं नाही. कुठल्याही पोराला टायपिंगला दिलं तर वाट लावेल."

आदिनाथने निकिताकडे पाहिलं. "तुझ्याइतकं शुद्ध कोण करतं? करशील?"

नाही म्हणायला कारण काय सांगणार? ती म्हणाली, "करते की."

पहिली वही तिने दुसऱ्या दिवशी दुकानात उघडली. आजवर तिने पन्नासेक प्रबंध टाईप केले असतील, पण वाचला एकही नव्हता. बोटं चालत, डोकं मोकळं राही. मोनिकाच्या वहीने तसं होऊ दिलं नाही. व्हीनस नावाची प्रेमाची देवता. तिचा लाडका शिकारीला गेला आणि रानडुकराने त्याला फाडलं. ती अनवाणी धावत निघाली, पायात काटा रुतला, आणि तिचं रक्त पडलं म्हणून तोवर पांढराच असलेला गुलाब लाल झाला. मोनिकाने पुढे लिहिलं होतं: 'आज कॉलेजच्या गेटवर पोरं दहा रुपयांना जो गुलाब विकत घेतात, त्यात एका बाईची धावपळ आहे. ती वेळेवर पोचली नव्हती, हे मात्र कुणी सांगत नाही.'

निकिता थांबली. छान लिहिलंय बाईने, असं तिला वाटलं.  वाईट लिहिलं असतं तर किती बरं झालं असतं!

मग व्हीनसच्या पोराचं, क्युपिडचं प्रकरण आलं. त्याच्या भात्यात दोन प्रकारचे बाण. सोन्याच्या टोकाचा लागला तर माणूस प्रेमात पडतो, शिशाच्या टोकाचा लागला तर समोरच्यापासून पळत सुटतो. निकिता विचार करत बसली, आपल्या नवऱ्याला आपल्यासाठी कोणता लागला असेल? शिशाचा म्हणावं तर तो पळाला नव्हता. सोन्याचा म्हणायची तिची हिंमत होईना. बहुतेक कुठलाच नसावा. माणूस पत्रिका न्यायला आला आणि हळूहळू राहिला, एवढंच.

रोज संध्याकाळी ती टाईप केलेली पानं घरी न्यायची. आणि इथेच सगळं बिघडायला लागलं. आदिनाथ एरवी कॉलेजातून येऊन पेपर घेऊन बसायचा. आता तो दारातच विचारायचा, "पानं आणलीस?" चहा निवत राहायचा. लाल पेन घेऊन तो एकेक ओळ वाचायचा, मधेच हसायचा, मधेच चष्मा काढून डोळे पुसायचा. आणि बोलायचा! दोन वर्षांत जेवढा बोलला नव्हता तेवढा पंधरा दिवसांत बोलला.

"हे बघ, हे मोनिकानेच लिहावं. या आरशाच्या चित्रावरून आमचं भांडण झालं होतं. ती म्हणे देवी आरशात स्वतःला बघत नाहीये, आपल्याला बघतेय."

"हं."

"तिला चित्र एकदा दाखवलं की विसरायची नाही. शरिफाला विचार."

"कशाला विचारू? तुम्ही सांगताय ना."

त्याला तिच्या आवाजातला काटा ऐकूच गेला नाही. त्याने पान पुढे केलं. "इथे 'कबुतर'ची वेलांटी बघ, 'कबुतरी' झालंय. तिच्या लिखाणात अशी चूक नको."

निकिता पान घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याशी उभी राहिली. पातेल्यातलं दूध उतू जाईपर्यंत तिला कळलं नाही की आपण गॅसकडे बघतोय.

श्रावण लागला. चार वह्या झाल्या. मोनिकाचं बोलणं घरात वाढत गेलं. तिला कारल्याची भाजी आवडायची, ती रिक्षात कडेलाच बसायची, चिडली की इंग्रजीत बोलायची. निकिता ऐकत राही, आणि दुसऱ्या दिवशी मंडईत कारली दिसली की पुढे निघून जाई. रात्रीचा स्वयंपाक करताना तिला भास व्हायचा की ही बाई बाहेरच्या खोलीत आदिनाथशेजारी बसलीय आणि आपण आत दोघांसाठी भाकरी थापतोय. आपण अशा नव्हतो, असं तिला वाटायचं. मेलेल्या माणसाचा कुणी मत्सर करतं का? पण करत होती. जिवंत बाई असती तर तिच्याशी भांडता आलं असतं, तिच्यात खोट काढता आली असती. हिची दातांतली फटसुद्धा निकिताने स्वतःच्या हाताने परत बसवली होती.

पाचव्या वहीत एका गवयाची गोष्ट आली. नाव ग्रीक होतं. निकिताच्या जिभेवर ते बसेना, म्हणून ती त्याला मनातल्या मनात गवईच म्हणू लागली. त्याच्या नव्या नवरीला साप चावला. गवई वाद्य घेऊन जिवंतपणी पाताळात उतरला आणि इतकं गायला की तिथल्या राजाने बायको परत दिली. अट एकच, वर पोचेपर्यंत मागे वळून बघायचं नाही. त्याने बघितलं. ती परत गेली. मोनिकाने या गोष्टीवरच्या चित्रांबद्दल बारा पानं लिहिली होती. शेवटी असं होतं: 'पुढे त्याने दुसऱ्या कुठल्याही बाईकडे पाहिलं नाही. त्या मुलखातल्या बायकांना याचा राग आला आणि त्यांनी त्याला फाडून टाकलं. चित्रकारांनी या बायकांना नेहमी भेसूर रंगवलं आहे.'

निकिताने दोनदा वाचलं. म्हणजे या गोष्टीत आपण कुठे? दुसरी बायको गोष्टीत नाहीच. आहेत त्या भेसूर बायका.

ही बारा पानं आदिनाथ वाचणार. पाताळात उतरणार. आणि निकिताने ती टाईप करून त्याच्या हातात द्यायची, वेलांट्या तपासून!

तिने वही मिटली आणि कागदाच्या रिमांखाली, अगदी तळाशी सरकवली.

संध्याकाळी ती म्हणाली, "पाचवी वही पिशवीत नाहीये."

आदिनाथचा चेहरा पांढरा पडला. "नाही कशी? सहा होत्या ना?"

"चारनंतर एकदम सहावीच आहे. मी मोजल्या नव्हत्या." हे खोटं बोलताना तिचा आवाज जरासुद्धा हलला नाही, आणि त्याचं तिलाच नवल वाटलं.

त्याने घरातली कपाटं उपसली, कॉलेजातला कप्पा उपसला. शेवटी त्याच्या मनाने घेतलं की आजारपणात मोनिका महिनाभर अकोल्याकडे गावी राहिली होती, तिथेच वही राहिली असणार. शनिवारी पहाटेच्या एसटीने तो निघाला. निकिताने त्याला डबा दिला. एका शब्दाने थांबवता आलं असतं. तिने थांबवलं नाही. उलट तो कोपऱ्यावरून वळला तेव्हा तिला क्षणभर बरं वाटलं. शोधू दे. डोंगरात, पावसात, हिंडू दे तिच्या मागे.

दुकान उघडून ती बसते न बसते तोच शरिफा मॅडम आल्या. मुखपृष्ठाचं चित्र त्या करत होत्या, त्याचा कच्चा आराखडा दाखवायला. आदिनाथ कुठे गेलाय हे ऐकल्यावर त्या खुर्चीवर नीट टेकून बसल्या.

"निकिता, त्या वह्यांना कव्हरं मी घातलीत. आकडे मी टाकलेत. पिशवीत सहा वह्या मी माझ्या हाताने ठेवल्यात."

निकिता कीबोर्डकडे बघत राहिली.

"मी आदिनाथला काही सांगणार नाही," शरिफा मॅडम म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच तो जास्त लागला. "पण माणूस या पावसात तिकडे गेलाय. तू सांग त्याला. माझ्या तोंडून त्याला कळायला नको."

त्या गेल्यावर निकिताने शटर अर्धं खाली ओढलं. भीती वाटत होती, लाज वाटत होती, आणि या दोन्हींच्या वर राग. ही बाई मरूनही आपल्याला चोर ठरवते! तिने रिमांखालून वही ओढली आणि कागद कापायच्या यंत्राकडे गेली. पातं वर करून वही खाली ठेवली. लांबचलांब पट्ट्या झाल्या असत्या, रद्दीवाल्याने एका मिनिटात उचलल्या असत्या.

वही जाड होती, नीट बसेना. ती दाबायला तिने पानं सारखी केली आणि शेवटची काही पानं उघडली गेली. तिचा हात थांबला. अक्षर बदललं होतं. दोन महिने ती मोनिकाचं तिरकं, घाईचं, ठसठशीत अक्षर वाचत होती. ही अक्षरं फिकट होती, ओळी खाली उतरत गेलेल्या, काने मधेच सुटलेले. कामाच्या सवयीने तिला आधी एवढंच वाटलं, हे लावायला वेळ लागेल. आणि ती तिथेच उभ्या उभ्या वाचायला लागली.

सुरुवात जूनो नावाच्या देवीची होती. देवांच्या राजाची राणी, नवऱ्यावर सतत पाळत ठेवणारी. तिचा शंभर डोळ्यांचा राखणदार मारला गेला तेव्हा तिने त्याचे डोळे काढून आपल्या मोराच्या पिसाऱ्यावर बसवले, असं चित्रांत दाखवतात. मग रेघ न सोडताच मोनिकाने लिहिलं होतं:

'जूनोला सगळे हसतात. मीही वर्गात हसवत आले. आता हसू येत नाही. केमोची तिसरी फेरी झाली आहे. मला एका बाईचा मत्सर वाटतो आणि ती बाई अजून आलेली नाही. आदिनाथ एकटा राहणारा माणूस नाही. आज ना उद्या ती येईल. तो बनियन उलटं घालतो हे तिला आपसूक कळेल. ती त्याच्यासाठी चहा करील तो माझ्यापेक्षा चांगला होईल, कारण माझा चहा वाईटच असतो. ती त्याचे केस पिकताना बघेल. त्याच्या पन्नाशीला ती असेल. कॉलेजातून तो निवृत्त होईल तेव्हा हार घेऊन ती घरात उभी असेल. मी तिला रोज डोळ्यांसमोर आणते आणि रोज तिच्यात खोट शोधते. नाव माहीत नाही, नाहीतर शाप दिला असता. ती चांगली असू नये असं वाटतं. आणि ती वाईट निघाली तर त्याचं कसं व्हायचं, असंही वाटतं. माझ्या शंभर डोळ्यांपैकी एकालाही झोप नाही.'

खाली पेन्सिलने, आणखी फिकट: 'हे पुस्तकात नको. पण फाडवतही नाही.'

निकिता यंत्राशेजारी जमिनीवर बसली. बाहेर कुणीतरी शटर वाजवलं, "ताई, झेरॉक्स आहे का?" तिने उत्तर दिलं नाही.

आदिनाथ बनियन उलटं घालतो. दोन वर्षं ती रोज सकाळी म्हणते, अहो, उलटं घातलंय. आणि महिन्याच्या महिन्याला ब्रश घेऊन त्याच्या कानाजवळचे पिकलेले केस काळे करते. या गोष्टींत हेवा वाटण्यासारखं काही आहे, हे तिच्या कधी ध्यानातही आलं नव्हतं. आणि एका बाईने अंथरुणावर पडून याच गोष्टींसाठी जीव जाळला होता. निकितावर जळली होती, नाव माहीत नसताना.

तेवढ्यात मोबाईल वाजला. सासूबाई, भागूबाई. त्या एरवी फोनवर ओरडूनच बोलायच्या, आज तर विचारू नका.

"आगं निकिता, ह्यो कसली वही हुडकतोय? समदा माळा उलथापालथा केला! अन् शिडी निसाटली, पडला की गं!"

"पडले? आई, लागलं का? कुठं लागलं?"

"मनगाट सुजलंय लई. शेजारच्या सहादेवच्या जीपमधी घालून अकोल्याला दवाखान्यात धाडलाय. डोस्क्याला काय न्हाई लागलं, देवाची किरपा. पर तू काय काळजी करू नको, म्या हाय."

म्या हाय, असं म्हातारी म्हणाली आणि निकिताला रडू फुटलं. सासूबाई समजूत घालत राहिल्या. त्यांना वाटलं, सूनबाई नवऱ्याच्या काळजीने रडतेय.

रविवारी दुपारी आदिनाथ परत आला. उजव्या हाताला कोपरापर्यंत प्लास्टर, गळ्यात झोळी. निकिताने त्याला बसवलं, पाणी दिलं आणि वही त्याच्यासमोर ठेवली.

तो आधी हसला. "सापडली? कुठे होती?"

"दुकानात. मी लपवली होती."

त्याला समजायला वेळ लागला. मग तो उठून उभा राहिला. "लपवली? आणि मी तिकडे... निकिता, का?"

"तुम्हाला खरंच कळत नाही?"

"नाही कळत! ती गेलेली बाई आहे. तुझं काय नेलंय तिने?"

"तुमचं बोलणं नेलंय," निकिता म्हणाली. तिचाही आवाज चढला. "दोन वर्षं मी या घरात आहे. मला वाटलं तुम्ही मुके आहात. तुम्ही मुके नव्हता, माझ्याशी बोलायला तुमच्याकडे काही नव्हतं. तिचं एकेक पान चार चार वेळा वाचता. माझं कधी काही वाचलंत?"

"तू काय लिहिलंयस?"

"काही नाही. लिहिलं नाही म्हणून माझ्यात वाचण्यासारखं काहीच नाही का?"

 त्याला ते समजलं नव्हतं, फक्त राग आला होता. वही डाव्या हाताने उचलून तो बाहेरच्या खोलीत गेला. जाता जाता दाराशी थांबून तो फार हळू म्हणाला, "माझा हात मोडला त्याचं काही नाही. पण तू डबा भरून दिलास, निकिता. मला जाताना बघत होतीस."



पुढचे आठ दिवस घरात कामापुरतं बोलणं झालं. तो बाहेरच्या दिवाणावर झोपायचा. पण उजवा हात अडकलेला, त्यामुळे रागातही त्याला तिच्यासमोर यावं लागायचं. रोज सकाळी ती त्याच्या शर्टाची बटणं लावायची. दोघंही एकमेकांच्या चेहऱ्याकडे न बघता उभे राहायचे. चौथ्या दिवशी त्याला भात डाव्या हाताने खाता येईना, तेव्हा तिने न विचारता चमचा घेतला आणि त्याने तोंड उघडलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ते कशाचं हे तिने विचारलं नाही.

वही त्याच्याजवळच होती, पण त्याने ती उघडली नव्हती. नवव्या दिवशी निकितानेच ती त्याच्या उशाकडून घेतली, शेवटची पानं काढली आणि त्याच्या मांडीवर ठेवली. "हे वाचा. हे मी टाईप केलेलं नाही. करणारही नाही. तिने नको म्हटलंय."

त्याला वाचायला बराच वेळ लागला. वाचून झाल्यावर तो पान उलटं करून बसून राहिला.

"मला हे माहीत नव्हतं," तो म्हणाला. "ती मला म्हणायची, लवकर लग्न कर. हसत म्हणायची. मला वाटायचं, किती मोठ्या मनाची आहे."

"मोठ्या मनाची होतीच. पण जळतही होती."

"तुला राग नाही आला? शाप द्यायला निघाली होती."

निकिताने विचार केला. "आला की. माझा चहा तिच्यापेक्षा चांगला होईल म्हणाली, तिथे नाही आला."

तो हसला नाही, पण त्याचा डावा हात तिच्या मनगटावर आला आणि तिथेच राहिला. नंतर ते बराच वेळ बोलले. म्हणजे तो विचारत होता आणि ती सांगत होती. ऊसतोडीच्या दिवसांत आई तिला मावशीकडे सोडून जायची तेव्हा ती ट्रकच्या मागे कुठपर्यंत धावायची, पहिला संगणक कसा घेतला, टायपिंगच्या परीक्षेला की-बोर्डचं एक बटण अडकलं होतं तरी ती कशी पास झाली. हे सगळं त्याने कधी विचारलं नव्हतं. तिनेही कधी सांगितलं नव्हतं, हेही तिला त्या दिवशी कबूल करावं लागलं.

गवयाचं प्रकरण तिने दुसऱ्या दिवशी टाईप केलं. भेसूर बायकांचं वाक्यसुद्धा जसंच्या तसं. प्लास्टर निघायला सहा आठवडे लागले, त्यामुळे शेवटच्या दोन वह्यांची तपासणी तिनेच केली. आदिनाथ शेजारी बसून ऐकायचा. मत्सर संपला होता का? नाही. एखाद्या सुंदर वाक्याशी तिची बोटं अजूनही थांबायची. फक्त आता तिला ठाऊक होतं की पलीकडूनही कुणी असंच जळत होतं.

डिसेंबरात नगरच्या सावेडी भागातल्या एका छोट्या सभागृहात पुस्तक प्रकाशित झालं. शंभरेक माणसं होती. प्रकाशक बोलले, शरिफा मॅडम बोलल्या, आदिनाथ बोलता बोलता दोनदा थांबला. पहिल्या रांगेत बसलेल्या निकिताला मोनिकाचं कौतुक ऐकताना मधेच उठून जावंसं वाटलं. ती गेली नाही. शेवटी कुणाला काही विचारायचं आहे का, असं प्रकाशकांनी विचारलं तेव्हा मागून एक बाई उभ्या राहिल्या. डोक्यावर पदर, वयाने साठीच्या.

"मी संगमनेरकडून आले. आमची डाळिंबाची बाग हाय. नात म्हनाली, पत्रिकेत लिवलंय, बाईंच्या पुस्तकात डाळिंबाचं हाय. तर परदेशातल्या देवांना आमचं डाळिंब कशाला लागतंय, तेवढं सांगा."

सभागृह हसलं. आदिनाथने माईक जवळ घेतला, "ते असं आहे की..." म्हणाला आणि अडकला. सहाव्या वहीतलं प्रकरण होतं ते. त्याने शरिफा मॅडमकडे पाहिलं. त्यांनी निकिताकडे बोट केलं.

निकिताला घाम फुटला. आजवर ती माईकसमोर उभी राहिली नव्हती. पण प्रत्येक ओळ तिच्या बोटांतून गेली होती, तेव्हा ती जागेवरूनच उठून मागे वळली आणि त्या बाईंशी बोलायला लागली.

"मावशी, एक पोरगी होती. शेतीच्या देवीची लेक. पाताळाच्या राजाने तिला पळवून नेलं. आईने इतका शोक केला की शेतात काही उगवेना. मग देवांनी ठरवलं, पोरीला परत पाठवा. पण तोवर तिने पाताळात डाळिंबाचे चार दाणे खाल्ले होते. तिथलं अन्न पोटात गेलं की तिथलं नातं लागतं. मग तोड अशी निघाली की वर्षातले काही महिने तिने सासरी पाताळात राहायचं आणि काही महिने माहेरी यायचं. ती येते तेव्हा पिकं येतात."

"म्हंजे आपल्यासारखंच की," बाई म्हणाल्या. "अन् तिला कुठं ऱ्हावंसं वाटायचं?"

निकिता थांबली. हे वहीत नव्हतं. "ते कुणी लिहून ठेवलेलं नाही," ती म्हणाली. "मला वाटतं, दोन्हीकडे. एकीकडे असली की दुसरीकडची आठवण. कुणाची तरी म्हणून राहायचं आणि दुसऱ्याचीही असायचं, हे अवघडच की."

बाईंनी मान हलवली आणि त्या बसल्या. बाजूच्या दोघीतिघी वळून निकिताकडे बघत होत्या. ही कोण, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

कार्यक्रम संपल्यावर दोघं स्कूटरवरून निघाले. स्कूटर निकिता चालवत होती, आदिनाथचं मनगट अजून दुखायचं. सिग्नलला तो मागून म्हणाला, "फार छान सांगितलंस. मोनिका असती तर तिनेही अगदी असंच सांगितलं असतं."

तो जुना हेवा परत जागा झालाच. पण या वेळी निकिता गप्प राहिली नाही.

"तिने तिच्या पद्धतीने सांगितलं असतं," ती म्हणाली. "दोन्हीकडे राहावंसं वाटायचं, हे माझं आहे."

सिग्नल सुटला. मागून कुणीतरी हॉर्न वाजवला. थोडं पुढे गेल्यावर आदिनाथ पुढे वाकला आणि तिच्या कानाशी म्हणाला, "मग सांग ना. दोन्हीकडे म्हणजे कसं?"

घर यायला अजून अवकाश होता. तिने वेग कमी केला आणि सांगायला सुरुवात केली.